गाडीतल्या रेडिओच्या डिस्प्लेचे उडालेले दिवे घरी कसे बदलावेत

रेडिओ व्यवस्थित वाजतो, स्टेशने लागतात, आवाजातही काही फरक नसतो. पण रात्री त्याच्याकडे पाहिले की डिस्प्ले काळाठिक्कर दिसतो किंवा त्याची एकच बाजू उजळते. पंधरा-वीस वर्षे वापरलेल्या गाड्यांत हा प्रकार सर्रास आढळतो आणि त्यावर दुकानात सहसा एकच सल्ला मिळतो, तो म्हणजे जुना संच काढून टचस्क्रीन बसवण्याचा. ज्यांना टचस्क्रीन हवाच आहे त्यांनी तो अवश्य बसवावा, परंतु डॅशबोर्डच्या घडणीत नेमका बसणारा मूळ रेडिओ केवळ दोन-चार बारीक बल्ब उडाले म्हणून मोडीत काढण्याचे कारण नाही. एक मोकळी दुपार, साधी हत्यारे आणि सोल्डरिंगचा (धातूची तार वितळवून जोड देण्याचा) थोडा सराव एवढ्या भांडवलावर हे काम घरी होते. यात बल्ब बदलणे हा सर्वांत छोटा भाग आहे. दोष अचूक ओळखणे आणि रेडिओचा दर्शनी भाग न मोडता उघडणे यांतच खरे कौशल्य लागते.

हा लेख प्रामुख्याने १९९० ते २०१० या काळातल्या एलसीडी डिस्प्लेच्या संचांविषयी आहे, मग तो कंपनीने गाडीसोबत दिलेला असो किंवा पायोनियर, केनवूड, सोनी यांच्यासारखा बाहेरून बसवलेला.

उजेड गेला आहे की डिस्प्लेच गेला आहे?

पेचकस हातात घेण्यापूर्वी गाडीत बसूनच काही गोष्टी पाहून घ्याव्यात. रेडिओबरोबर एसीची बटणे, मीटर आणि ॲश-ट्रेचा दिवाही बंद असेल, तर दोष रेडिओत नसून पार्किंग दिव्यांच्या फ्यूजमध्ये असण्याची शक्यता अधिक असते. मीटरचा उजेड कमी-जास्त करणारे चाक बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या आसपास असते. गाडी धुताना किंवा मुलांच्या हातून ते शून्यावर गेलेले असते आणि मालक मात्र रेडिओ उघडण्याच्या तयारीला लागलेला असतो. अनेक संचांत पार्किंग दिवे लावताच डिस्प्ले मुद्दाम मंद होतो, जेणेकरून रात्री तो डोळ्यांत खुपू नये. त्यामुळे दिवसा दिवे लावून पाहिल्यास धडधाकट डिस्प्लेही बिघडल्यासारखा वाटतो.

एवढे पाहूनही अंधारच असेल, तर रेडिओ चालू करून विजेरीचा झोत डिस्प्लेवर तिरका टाकावा. त्या झोतात आकडे आणि अक्षरे अंधुक का होईना, पण पूर्ण दिसली, तर एलसीडी शाबूत आहे आणि केवळ तिच्या मागचा उजेड गेला आहे. याउलट उजेड नीट असूनही आकड्यांच्या काही रेघा गायब असतील, तर तो दोष एलसीडी आणि तिचे सर्किट यांना जोडणाऱ्या रबरी पट्टीचा किंवा चपट्या केबलचा असतो आणि बल्ब बदलून तो जाणार नाही. काही संचांत एलसीडी नसून स्वतःच हिरवट-निळा प्रकाश देणारी काचेची निर्वात नळी असते. काळ्या पार्श्वभूमीवर अक्षरे स्वतः चमकतात यावरून ती ओळखता येते. ती मंदावली असेल, तर तिच्यामागे बदलण्यासारखा बल्बच नसतो, म्हणून तसा संच या कामासाठी उघडू नये.

आणखी एक भेद लक्षात ठेवावा. बटणांचे दिवे आणि डिस्प्लेचा दिवा हे बहुधा वेगवेगळ्या वाटांनी चालतात. बटणांना पार्किंग दिव्यांच्या तारेतून वीज मिळते, तर डिस्प्लेचा दिवा अनेक संचांत रेडिओ चालू होताच लागतो. दोन्ही एकाच वेळी गेले असतील, तर बल्बांपेक्षा वीज पुरवणाऱ्या वाटेवर आधी संशय घ्यावा, कारण सगळे बल्ब एका रात्रीत उडणे तसे दुर्मीळच.

सामान

बॅटरीसाठी १० नंबरचा पाना, मोठा व छोटा प्लस पेचकस, डॅशबोर्डच्या क्लिपा सोडवण्यासाठी प्लास्टिकची चपटी पट्टी, बारीक टोकाचा २५ वॉटचा सोल्डरिंग आयर्न, राळ भरलेली ६०/४० सोल्डरची (६० टक्के कथील, ४० टक्के शिसे) तार, जुने सोल्डर शोषून घेणारी तांब्याची जाळीदार पट्टी, मल्टिमीटर आणि थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल एवढे सामान पुरते. धातूच्या पेचकसाने डॅशबोर्ड उचकटू नये. त्याचे वळ कायमचे राहतात. बल्ब, एलईडी आणि रेझिस्टर (विजेचा प्रवाह मर्यादित ठेवणारा छोटा सुटा भाग) पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला सुटे मिळतात, पण जुना बल्ब हातात आल्याशिवाय खरेदीला जाऊ नये. त्याचे कारण पुढे येईल.

रेडिओ बाहेर काढणे

होंडा, फोक्सवॅगन, फोर्ड अशा कंपन्यांच्या अनेक मूळ रेडिओंची वीज तुटली की ते पुन्हा सुरू होताना कोड मागतात. हा कोड गाडीच्या कागदपत्रांतल्या कार्डावर किंवा ग्लोव्ह बॉक्समधल्या चिकटपट्टीवर असतो. तो हाताशी आल्यावरच बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाची तार काढावी. गाडीत एअरबॅग असेल, तर निगेटिव्ह काढल्यावर किमान ३ ते ५ मिनिटे थांबावे, आणि डॅशबोर्डच्या आत दिसणाऱ्या पिवळ्या कनेक्टरांना हात लावू नये, कारण ते एअरबॅगचे असतात.

बाहेरून बसवलेला एका कप्प्याचा संच सुमारे १७८ बाय ५० मिलिमीटरच्या ठरीव मापाचा असतो आणि तो पत्र्याच्या चौकटीत अडकवलेला असतो. त्याच्या दोन्ही बाजूंच्या फटींत संचाबरोबर मिळालेल्या चपट्या चाव्या सरकवल्या की खटका सुटतो आणि रेडिओ पुढे ओढता येतो. कंपनीच्या मूळ संचात आधी भोवतालची प्लास्टिकची चौकट क्लिपांमधून सोडवावी लागते आणि मग बाजूचे स्क्रू किंवा बोल्ट दिसतात. चौकट एका टोकाकडून हळूहळू सोडवत न्यावी, मधून ओढू नये. थंडीच्या दिवसांत जुने प्लास्टिक ठिसूळ होते, म्हणून गाडी थोडा वेळ उन्हात ठेवून मगच हात घालावा. रेडिओ बाहेर येताच मागच्या जोडण्यांचा फोटो काढावा, कनेक्टरची जीभ दाबून तो सोडवावा आणि अँटेनाची पिन सरळ रेषेत ओढावी. तार धरून कधीही ओढू नये.

दर्शनी भाग उघडणे

आता रेडिओ टेबलावर मऊ कापडावर ठेवावा. आवाजाचे गोल बटण सहसा नुसते ओढून निघते. दर्शनी भागाच्या कडेला चार ते आठ प्लास्टिकच्या जिभा असतात आणि काही ठिकाणी एक-दोन स्क्रू लपलेले असतात. ते सापडेपर्यंत जोर लावू नये. दर्शनी भाग मूळ धडापासून सुटला की त्याच्या पाठीमागे सर्किटची पट्टी दिसते. ती काढताना बटणांची रबरी गादी आणि छोट्या स्प्रिंगा जागच्या हलतात, म्हणून दर्शनी भाग पालथा ठेवूनच पट्टी उचलावी आणि प्रत्येक टप्प्यावर फोटो घ्यावा. वेगवेगळ्या लांबीचे स्क्रू एकत्र ठेवले आणि लांब स्क्रू आखूड जागी पिळला, तर तो दर्शनी प्लास्टिकमधून आरपार बाहेर येतो. जुन्या बर्फाच्या ट्रेचे कप्पे यासाठी फार उपयोगी पडतात.

एलसीडी पत्र्याच्या चौकटीत बसवलेली असेल आणि त्या चौकटीचे कान पिळून अडकवलेले असतील, तर बल्बपर्यंत पोहोचण्यासाठी ते सोडवण्याची खरोखर गरज आहे का, हे आधी पाहावे. अनेक संचांत बल्ब मागच्या बाजूने, सर्किटच्या पट्टीतून आत घातलेले असतात आणि चौकट न उघडताच निघतात. चौकट उघडलीच, तर काचेखालची काळी-पांढरी बारीक पट्ट्यांची रबरी दोरी जागेवरून हलू देऊ नये. तिच्यातूनच काचेला संकेत मिळतात आणि ती एका केसाइतकी सरकली तरी आकड्यांच्या रेघा हरवतात. उजेड पसरवणाऱ्या पांढऱ्या पातळ फिल्मला बोट लावू नये. बोटाचा ठसा नंतर उजेडात स्पष्ट दिसतो.

बल्ब पाहावा, मोजावा आणि मगच विकत घ्यावा

समोर येणारा बल्ब तीन-चार मिलिमीटर जाडीचा, गव्हाच्या दाण्याएवढा असतो. त्याच्या एका टोकातून केसासारख्या दोन तारा निघतात आणि काचेवर हिरवी, निळी किंवा नारिंगी रबरी टोपी चढवलेली असते. टोपी अलगद ओढून काढली की उडालेल्या बल्बची काच आतून काळवंडलेली दिसते. काही संचांत हाच बल्ब छोट्या प्लास्टिकच्या बुडात बसवलेला असतो आणि पेचकसाने पाव वळसा डावीकडे फिरवला की बुडासकट बाहेर येतो. अशा संचात सोल्डरिंग लागतच नाही. ती रबरी टोपी जपून ठेवावी, कारण डिस्प्लेचा रंग तिच्यामुळे असतो. बल्ब मुळात पांढराच असतो.

मल्टिमीटर ओहमवर लावून बल्बच्या दोन तारांना टोके लावावीत. उडालेला बल्ब काहीच दाखवत नाही, तर चांगला बल्ब थंड असताना साधारण काही दहा ओहम दाखवतो. १२ व्होल्ट आणि ६० मिलिअँपिअरच्या बल्बचा जळतानाचा रोध हिशेबाने २०० ओहम येतो, पण मीटरवर त्याहून कितीतरी कमी आकडा दिसतो. यात गोंधळण्यासारखे काही नाही, कारण तापल्यावर फिलामेंटचा रोध अनेक पटींनी वाढतो. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावूनही बल्ब पाहता येतो; १२ व्होल्टचा चांगला बल्ब त्यावर मंद पेटतो.

आता व्होल्टेजचा प्रश्न. रेडिओच्या सगळ्याच बल्बांना गाडीचे पूर्ण १२ व्होल्ट मिळतात असे नाही. काही संचांत आतून ८ किंवा ५ व्होल्ट दिले जातात, काहींत बल्बच्या वाटेवर एक रेझिस्टर असतो, आणि काहींत दोन बल्ब एकापाठोपाठ जोडलेले असतात, ज्यांत एक उडाला की दुसरा चांगला असूनही विझतो. त्यामुळे बल्ब काढलेल्या जागी मीटर लावून मिळालेला आकडा फसवा ठरू शकतो: वाटेत रेझिस्टर असेल, तर बल्बशिवाय पूर्ण व्होल्टेज दिसते आणि बल्ब लावल्यावर ते उतरते. शेजारचा एखादा बल्ब अजून जळत असेल, तर तो जळत असताना त्याच्या दोन टोकांवर येणारा आकडा हाच विश्वासाचा. तशी सोय नसेल, तर पट्टीवरची तांब्याची वाट डोळ्यांनी शोधत जावे आणि ती कुठे रेझिस्टरला मिळते का ते पाहावे.

खरेदी करताना १२ ऐवजी १४ व्होल्टचा बल्ब मिळाला तर तो घ्यावा. इंजिन चालू असताना गाडीत सुमारे १३.८ ते १४.४ व्होल्ट असतात आणि फिलामेंटच्या बल्बचे आयुष्य व्होल्टेजला फार संवेदनशील असते; ठरीव व्होल्टेजपेक्षा नुसते ५ टक्के अधिक दिले तरी ते जवळजवळ निम्म्यावर येते. उजेड किंचित कमी पडेल, पण बल्ब कितीतरी अधिक टिकेल. मात्र अधिक उजेडाच्या हौसेने मूळच्यापेक्षा जास्त मिलिअँपिअरचा बल्ब घालू नये. त्याची उष्णता जायला जागा नसते. जुन्या संचांत बल्बमागचे पांढरे प्लास्टिक तपकिरी पडलेले आणि काचेवरची फिल्म करपलेली दिसते, ती याच उष्णतेमुळे. एक बल्ब उडाला असेल तरी सगळे एकदमच बदलावेत. बाकीचे त्याच वयाचे असतात आणि रेडिओ पुन्हा उघडण्याचा खटाटोप बल्बच्या किमतीपेक्षा फार महाग पडतो.

एलईडी बसवावा का?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. एलईडी थंड राहतो आणि वर्षानुवर्षे टिकतो, हे खरेच आहे. तरीही ज्यांना डिस्प्ले मूळ रंगाचा आणि डॅशबोर्डच्या इतर दिव्यांशी जुळणारा हवा आहे, त्यांनी बल्बच्या जागी बल्बच बसवावा असे माझे मत आहे. बल्बचा प्रकाश चहूकडे पसरतो, एलईडीचा एकाच दिशेला जातो. परिणामी मधोमध पांढरा ठिपका आणि कोपऱ्यांत अंधार अशी डिस्प्लेची अवस्था होते. एलईडीचा गोल माथा ४०० नंबरच्या पॉलिश पेपरवर घासून सपाट आणि दुधी केला की हा दोष बराच कमी होतो. रंगाचेही तसेच आहे: पांढऱ्या एलईडीत लाल-पिवळा अंश कमी असल्यामुळे नारिंगी टोपीतून तो निस्तेज दिसतो आणि हिरव्या टोपीतून निळसर. म्हणून टोपी काढून तिच्याच रंगाचा एलईडी निवडणे बरे.

एलईडीला रेझिस्टरशिवाय १२ व्होल्ट कधीही देऊ नयेत. हिशेब सोपा आहे. पांढरा, निळा किंवा आधुनिक हिरवा एलईडी सुमारे ३.२ व्होल्ट घेतो. गाडीचे कमाल १४.४ व्होल्ट धरले, तर ११.२ व्होल्ट रेझिस्टरवर उरतात. १० मिलिअँपिअर प्रवाह हवा असेल, तर ११२० ओहम लागतात, म्हणजे बाजारात मिळणारा १.२ किलोओहमचा रेझिस्टर योग्य. त्यात सुमारे ०.१ वॉट उष्णता होते, त्यामुळे पाव वॉटचा रेझिस्टर निर्धास्त चालतो. लाल आणि पिवळे एलईडी सुमारे २ व्होल्ट घेतात, तेव्हा त्यांचा हिशेब वेगळा करावा. रेझिस्टर वाचवण्यासाठी तीन पांढरे एलईडी एकापाठोपाठ जोडण्याचा मोह टाळावा, कारण मग इंजिन बंद असताना आणि चालू असताना उजेडात मोठा फरक दिसतो.

एलईडीला दिशा असते आणि तो उलटा बसवला तर लागत नाही. येथे एक खोच आहे: अनेक गाड्यांत बटणांच्या दिव्यांचा निगेटिव्ह थेट बॉडीला न जाता उजेड कमी-जास्त करणाऱ्या चाकातून जातो. म्हणून जवळच्या पत्र्याला निगेटिव्ह समजून एलईडी जोडू नये. मूळ बल्बच्या दोन जागांपैकी पॉझिटिव्ह कोणती हे मीटरनेच ठरवावे. त्या चाकाने एलईडी बल्बसारखा सावकाश मंद होईलच असे नाही, हेही स्वीकारून चालावे.

पुढच्या काळातल्या संचांत मुळातच पट्टीच्या पृष्ठभागावर चिकटवलेले चपटे एलईडी असतात. ते बदलण्यासाठी गरम हवेचे यंत्र किंवा दोन आयर्न एकाच वेळी वापरण्याचा सराव लागतो. नवख्या माणसाने सुरुवात त्यावर करू नये. मोबाइल दुरुस्त करणारा कारागीर हे काम काही मिनिटांत करून देतो.

सोल्डरिंग

आयर्न पुरते तापू द्यावे, टोक ओल्या स्पंजवर पुसावे आणि त्याला सोल्डरचा पातळ लेप द्यावा. बल्ब काढण्यासाठी एका पायावर टोक टेकवून सोल्डर वितळताच दुसऱ्या हाताने बल्ब किंचित कलता करावा, मग दुसरा पाय. दोन-तीन फेऱ्यांत तो निघतो. २००६ च्या जुलैपासून युरोपात शिसेविरहित सोल्डरची सक्ती झाली आणि त्यानंतरच्या बऱ्याच संचांत तेच असते. ते सुमारे २१७ अंशांना वितळते, तर ६०/४० सोल्डर १८३ ते १९० अंशांना. जुना टाका (सोल्डरचा जोड) हट्टाने वितळत नसेल, तर आयर्न दाबून धरण्याऐवजी त्यावर थोडे नवे ६०/४० सोल्डर लावावे. दोन्ही मिसळले की टाका लवकर सुटतो. एका जागी तीन-चार सेकंदांपेक्षा अधिक वेळ उष्णता देऊ नये, नाहीतर तांब्याची चकती पट्टीपासून उचलली जाते आणि मग साध्या कामाचे अवघड काम होते.

छिद्रे तांब्याच्या जाळीने मोकळी करून, अल्कोहोलने पुसून घ्यावीत. नव्या बल्बच्या तारांना जुन्या बल्बइतकीच उंची द्यावी. बल्ब वर-खाली झाला, तर उजेड पसरवणाऱ्या प्लास्टिकच्या तोंडाशी तो येत नाही आणि डिस्प्ले डागाळ दिसतो. या तारा काचेच्या बुडाशी वाकवू नयेत, काच तडकते. टोपी चढवून, मग बल्ब जागेवर घालून टाका द्यावा. चांगला टाका चकचकीत दिसतो आणि तारेभोवती उताराने पसरतो. मळकट गोळी दिसली, तर तो पुन्हा तापवावा. खोलीत हवा खेळती असावी आणि काम झाल्यावर हात धुवावेत, कारण ६०/४० मध्ये शिसे असते.

बंद करण्यापूर्वी चाचणी

दर्शनी भाग नुसता जागेवर टेकवून रेडिओ गाडीच्या कनेक्टरला जोडावा आणि निगेटिव्ह लावून पाहावा. टेबलावरच पाहायचे असेल, तर २-३ अँपिअरचा १२ व्होल्ट अडॅप्टर चालतो: बाहेरून बसवलेल्या संचांत सहसा पिवळी तार कायम विजेची, लाल चावीची, नारिंगी पार्किंग दिव्यांची आणि काळी निगेटिव्हची असते. पिवळी व लाल एकत्र करून पॉझिटिव्हला द्यावी, काळी निगेटिव्हला, आणि नारिंगी पॉझिटिव्हला टेकवताच बटणे उजळली पाहिजेत. कंपनीच्या मूळ संचात रंग वेगळे असतात, तेव्हा वरच्या पत्र्यावरचा तक्ता पाहावा. स्पीकरच्या तारा एकमेकींना किंवा पत्र्याला लागू देऊ नयेत.

अंधारात पाहावे, दिवसाच्या उजेडात न जाणवणारा डाग तेव्हाच कळतो. एखादा कोपरा काळा राहिला, तर बल्ब थोडा आत-बाहेर करून पाहावा. उजेड पसरवणारे प्लास्टिक तपकिरी पडले असेल, तर त्याच्या मागच्या बाजूला पांढरा कागद लावल्याने बराच फरक पडतो. सगळे दिवे पंधरा-वीस मिनिटे चालू ठेवून रेझिस्टरला हात लावावा. तो बोट टेकवता येणार नाही इतका तापत असेल, तर हिशेब चुकला आहे.

त्यानंतर बॅटरी पुन्हा सोडवून सर्व भाग उलट क्रमाने, फोटो पाहत, बसवावेत. जिभा बसताना येणारा टक् आवाज प्रत्येक ठिकाणी ऐकावा आणि स्क्रू प्लास्टिकमध्ये जात असल्यामुळे आधी डावीकडे किंचित फिरवून जुने आटे सापडल्यावरच आवळावेत. रेडिओ कप्प्यात ढकलण्यापूर्वी सगळी बटणे दाबून पाहावीत, कारण रबरी गादी सरकली असेल तर एखादे बटण आतच अडकते. अँटेनाची पिन पूर्ण आत बसली आहे याची खात्री करावी. निगेटिव्ह जोडून कोड घालावा, घड्याळ लावावे आणि स्टेशने पुन्हा साठवावीत. कोड चुकल्यास घाईने पुन्हा-पुन्हा प्रयत्न करू नयेत, कारण ठरावीक चुकांनंतर काही संच स्वतःला बराच वेळ कुलूप लावून घेतात.